जोडशेत

माणसांच्या पत्रिका जुळवणं तोवर मागे पडलं होतं; शेतांच्या मात्र काटेकोर जुळवल्या जात. निचऱ्याचे पाइप पुरलेल्या प्रत्येक शेताला परदेशात एक जोडीदार ठरवून दिलेला असे. माती तशीच चिकण, पाइप तेवढेच खोल. याला जोडशेत म्हणत. शिरोळच्या भूपाल मगदूमांच्या दोन एकरांचं जोडशेत फिनलंडात होतं, एइनो नावाच्या गृहस्थांचं. इथे ऊस, तिथे ओट. जोड्या ठरवणाऱ्या समितीच्या मते दोन्ही गवतच. मगदूम दरवर्षी गूळ पाठवत, तिकडून लोकरीची टोपी येई.

हा खटाटोप नायट्रस ऑक्साइडसाठी. पाणथळ जमिनीतलं पाणी काढलं की मातीत हवा शिरते, आणि अर्धवट ओल्या मातीतले जिवाणू नत्राचा हा वायू करून सोडतात. दातांच्या दवाखान्यात तो रोग्याला हसवतो. आकाशात गेला की कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट उष्णता अडवतो. म्हणून नियम असा, की तीन वर्षांत जोडीतलं जे शेत जास्त वायू सोडेल, त्याचे पाइप बुजवायचे. कोणत्याही देशावर अन्याय नको.

मगदूमांचं शेत एइनोंच्या तिप्पट सोडत होतं. पाइप सोमवारी बुजणार होते.

"मीठ वर येतंय मग, म्याडम," बांधावर एइनोंची लोकरीची टोपी घालून बसलेले भूपालआण्णा म्हणाले. "माझ्या बापानं तीस वर्षं हितं पांढरं रान बघितलंय. कुसळ उगवत न्हवतं."

समितीच्या डॉ. अनघा तांबवेकर शेवटच्या तपासणीला भल्या सकाळी आल्या होत्या. "आण्णा, रोज सकाळी सहानंतर वायू उसळतो. खत कधी घालता?"

"रोज घालाय ऊस काय जावई हाय?"

"मार्चमध्ये चार दिवस मात्र काहीच नाही."

"तवा काय बी न्हाई. ही माहेरी गेलती."

एवढ्यात 'ही', म्हणजे पद्माक्का, बादली घेऊन उसातून आल्या. शेतात श्वासपेटी होती: जमिनीत रोवलेलं बिनतळाचं कडं, वर तासातासाला मिटून मातीचा वायू मोजणारं झाकण. झाकण उघडं होतं. पद्माक्कांनी शेणाचा सडा आतबाहेर सारखा शिंपडला आणि पुढ्यात चार ठिपक्यांची रांगोळी काढली.

"काकू, हे काय?"

"सडा."

"पेटीला?"

"उघडतंय, मिटतंय. दारच की ते. सरकारी असलं म्हणून दारापुढं सडा नको?"

शेणात नत्र असतं. तीन वर्षं जिवाणूंना रोज सकाळची न्याहारी मिळत होती. डॉक्टरांनी तिथेच बसून माहेरच्या चार दिवसांवरून हिशेब मांडला, शेजारच्या कोऱ्या मातीवर पेटी लावून पडताळला आणि समितीला धाडला. दुपारी उत्तर आलं: 'सडा' ही नवी त्रुटी नोंदवली आहे, मगदूमांचे पाइप राहतील.

"तीन वर्षं सरकारला शिव्या घातल्या," आण्णा बायकोकडे बघत म्हणाले, "आणि चोर आमच्याच चुलीपाशी."

"चहा पिणार का चोराचा?" पद्माक्का म्हणाल्या. तिघंही मनमोकळं हसली. दुसऱ्या कपाला आण्णांनी विचारलं, "मग एइनोंचं?"

"जोडीत आता त्यांचं शेत जास्त सोडतं."

आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्याडम, त्यांस्नी इचारा की. त्यांच्या बी घरातलं कोण पेटीत काय टाकत आसंल."

"एइनो एकटेच राहतात, आण्णा."