कुणाची आठ?

रोवेना पॅस्को खासगी तपासाच्या कचेरीचं दार ढकलून आत आली तेव्हा हुहाना पराटा चीज रोल खात होती आणि नेव्हिल स्ट्रँग शब्दकोड्यातल्या एका आडव्या शब्दापाशी अडला होता.

"माझ्या भावाने माझ्या नवऱ्याला मारलं का, एवढंच मला सांगा," ती उभ्याउभ्याच म्हणाली.

नेव्हिलने पेन्सिल खाली ठेवली. हुहानाने खुर्ची पुढे सरकवली.

प्रकरण तुआटापेरे गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं. एप्रिलमध्ये नर हरणं डरकाळ्या फोडू लागली की इथले पुरुष घरात ठरत नाहीत. यंदा चौघे शिकारीसाठी ब्लॅकवॉटरच्या झोपडीवर गेले होते. रोवेनाचा नवरा लिंडसे, तिचा धाकटा भाऊ कॅलम गेड्स, वॉरिक ड्यूई आणि म्हातारा फर्गस ओल्टन. पहाटे दाट धुकं होतं. कॅलमने शिंगं दिसल्यासारखी वाटली म्हणून गोळी झाडली. थोड्या वेळाने लिंडसे ओढ्यात मरून पडलेला सापडला. वरच्या दरडीवर काडतुसाची एक रिकामी पुंगळी मिळाली. तिच्या तळावर छाप होता 'सात-शून्य-आठ' या मापाचा, आणि चौघांत तसली बंदूक एकट्या कॅलमकडे होती. त्याने स्वतःच जाऊन गुन्हा कबूल केला. सोमवारी कोर्टात तेच सांगणार होता.

"मग शंका कुठे उरते?" नेव्हिलने विचारलं.

"शंका नाही हो, तोच तर छळ आहे," रोवेना म्हणाली. "जामिनावर सुटल्यापासून कॅलम रोज संध्याकाळी येतो. लाकडं फोडतो, व्हरांड्यात रचतो आणि तसाच निघून जातो. बूट काढत नाही, आत येत नाही. मीही दार उघडत नाही. आई-बाप गेले, मूल झालं नाही, आता लिंडसे गेला. उरलाय तो हा एकटा. त्याला घरात घ्यायचं की जन्मभर दाराबाहेर ठेवायचं, हे मला ठरवायचंय. आणि ते 'असेल बहुतेक'वर ठरत नाही."

नेव्हिलला तिची फार दया आली. हुहानाला आली असली तरी चेहऱ्यावर दिसली नाही. दयेच्या आधी तिला पुरावा लागायचा.

कॅलमच्या वकिलाने रोवेनाला पोलिसांचे दोन फोटो दिले होते. एकात पुंगळीचा तळ आणि त्यावरचा छाप. दुसऱ्यात पोलिसाने बोटांचे ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून एक गोल पेन्सिल पुंगळीच्या तोंडात घालून तिला उचललं होतं. तपासणीचा अहवाल यायला अवकाश होता, पण कॅलम थांबायला तयार नव्हता.

"लिंडसेच्या खिशात काय सापडलं?" हुहानाने विचारलं.

"पेपरमिंटच्या गोळ्या, सुरी आणि माझा जुना मफलर. बंदूक नव्हतीच त्याच्याकडे. नवी घ्यायची होती. तीनशेआठ घ्यावी की सात-शून्य-आठ, वर्षभर हाच घोळ. लग्न ठरवतानासुद्धा इतका विचार केला नव्हता त्याने!" ती हसली. "दोन्ही चालवून बघतो आणि ठरवतो म्हणाला होता."

"त्याचं जॅकेट पाहिलंत?"

"ओळखायला दाखवलं. भोक म्हणजे... भोक नव्हतं. आडवी चीर होती, पत्र टाकायच्या फटीसारखी."

हुहाना खायची थांबली. नेव्हिलला वाटलं, चीज रोल गार झाला असावा.

कॅलम लाकडाच्या वखारीमागे एका कॅरॅव्हॅनमध्ये राहत होता. उंचापुरा गडी, पण बसला होता अंग चोरून.

"मी मारलं. कशाला उकरताय?"

"कुठून झाडलीस?"

"मला वाटत होतं, खालच्या ओंडक्याजवळून. तिथे छातीएवढं गवत आहे. ते म्हणाले, पुंगळी वर दरडीवर मिळाली. मग दरडीवरूनच झाडली असेन. धुक्यात काय कळतंय!"

"आदल्या रात्री भांडण?"

"भांडण कसलं! लिंडसेने कुठली बंदूक घ्यावी यावर तोंडातोंडी. मी म्हटलं, माझी आठ घे, खांद्याला धक्का कमी बसतो, गोळी सरळ जाते, हरीण जागच्या जागी. वॉरिक म्हणाला, तीनशेआठच घे, काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात. फर्गस म्हणाला, दोन्ही घ्या आणि झोपा आता." कॅलमने तोंडावरून हात फिरवला. "पहाटे अंधारात लिंडसेने विचारलं, 'आठ आहेत का रे जादा?' म्हटलं, जॅकेटच्या खिशात आहेत, घे. माझी बंदूक चालवून बघणार होता ना तो. त्याचं तेच शेवटचं बोलणं."

"आवाज लिंडसेचाच होता?"

"कुजबुज होती. कुजबुजीला कुठला आलाय आवाज? पण दुसरं कोण मागणार?"

बाहेर आल्यावर नेव्हिल म्हणाला, "पोरगा खोटं बोलत नाही."

"नाही," हुहाना म्हणाली. "पण खरं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतंच असं नाही, नेव्ह."

वॉरिक ड्यूईचं गॅरेज एखाद्या दवाखान्यासारखं चकचकीत होतं. काडतुसं तो स्वतः भरायचा. त्याच्या सगळ्या पुंगळ्या चांदीसारख्या पांढऱ्या होत्या. पिवळी पितळी एकही नाही.

"दुकानातली मी बंदुकीत घालत नाही," तो म्हणाला. "माझी तीनशेआठ, माझी दारू, माझं माप."

"आणि आठ?" नेव्हिलने सहज विचारलं.

"आठ काय, आठ?" वॉरिक उखडला. "गावंढळासारखं आठ-आठ करू नका माझ्यासमोर. नाव आहे तिला, पूर्ण घ्या की! जीभ झिजते का?"

त्याने टेबलावर दोन भरलेली काडतुसं, एक आपलं आणि एक कॅलमचं, शेजारी शेजारी उभी केली. नेव्हिलला ती जुळी भावंडं वाटली.

"अंग एकच," वॉरिक म्हणाला. "तीनशेआठची मान आवळली की झाली सात-शून्य-आठ. तिची गोळीही केसभर बारीक. पण तीनशेआठचं काडतूस सात-शून्य-आठच्या बंदुकीत शिरत नाही. जाड मान आडवी येते. म्हणून धास्ती नाही."

नेव्हिलला हे एकदम पटलं. हुहाना टेबलावरच्या रिकाम्या पुंगळ्यांशी चाळा करत होती. कॅलमने कधीतरी विसरलेल्या दोन-चार जुन्याही तिथे पडल्या होत्या. नेव्हिलच्या खिशातली गोल पेन्सिल काढून ती लहान मुलासारखी त्यांच्या तोंडात घालून बघत होती. वॉरिकच्या पांढऱ्या पुंगळीत ती सुळकन गेली, कॅलमच्या पिवळीत अडली.

"माझी पेन्सिल काळी होतेय," नेव्हिल कुरकुरला.

"त्या पहाटे तुम्ही काय ऐकलंत?" हुहानाने वॉरिकला विचारलं.

"मी पार पलीकडच्या धारेवर होतो. कॅलमच्या बंदुकीचा खणखणीत बार ऐकला. त्याच्या जरा आधी एक भसकन आवाज, कागदी पिशवी फोडावी तसा. प्रतिध्वनी असणार."

"बार उडायच्या आधीच प्रतिध्वनी?"

वॉरिकने डोकं खाजवलं. मापात न बसणारी गोष्ट त्याला आवडत नसावी.

फर्गस ओल्टनच्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. त्याने हुहानाचं कार्ड हात लांबवून धरलं, डोळे बारीक केले आणि शेवटी टेबलावरचा चष्मा चढवला.

"शिकारीला चष्मा लावता?"

"धुक्यात काच भिजते, पोरी. लांबचं मला गरुडासारखं दिसतं. वाचायचंच काय ते जमत नाही, आणि हरणावर काही लिहिलेलं नसतं." तो स्वतःच्या विनोदावर खोकेपर्यंत हसला.

"कुठे होतात त्या पहाटे?"

"बंदूक भरली आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसलो. हरणाचं शेपूटही दिसलं नाही. मग एक बार ऐकला. बिचारा कॅलम! पोराच्या हातून घडलं खरं, पण वाईट नाही हो तो." त्याने कपाटावरून काडतुसांची पेटी काढून दाखवली. "ही माझी आठ. बापाचीही आठच होती. हंगामाला एक पेटी पुरते मला, यंदा तर सीलसुद्धा फोडलं नाही. चापाला बोटच लागलं नाही म्हणा ना."

पेटीचं सील खरोखरच शाबूत होतं. नेव्हिलने तपासून पाहिलं आणि गाडीत बसताच म्हणाला, "हा एकटाच धडधडीत निर्दोष निघाला."

हुहाना खिडकीबाहेर बघत राहिली. "उद्या दुपारी सगळ्यांना रोवेनाकडे बोलव," ती म्हणाली.

रविवारी रोवेनाच्या स्वयंपाकघरात वॉरिक ताठ बसला होता, फर्गस चहात बिस्किट बुडवत होता. दाराबाहेर चौघांचे बूट ओळीने होते. पाचवे कॅलमच्या पायात होते. तो उंबऱ्यापलीकडे व्हरांड्यात उभा होता. आत ये, असं त्याला कुणी म्हटलं नाही.

हुहानाने पोलिसांचा फोटो टेबलावर ठेवला.

"यात पुंगळी कशावर लटकलीय?"

"पेन्सिलीवर," नेव्हिल म्हणाला.

"तुझी दे." तिने वॉरिककडून आणलेल्या दोन पुंगळ्या काढल्या. "ही कॅलमच्या बंदुकीतून उडालेली सात-शून्य-आठ. पेन्सिल शिरत नाही. ही तीनशेआठमधून उडालेली. सहज शिरते. बार उडाला की पुंगळीची मान बंदुकीत काडतूस बसतं त्या घराएवढी फुगते. दरडीवरच्या पुंगळीचा तळ म्हणतो, मी सात-शून्य-आठ. तिची मान म्हणते, मी तीनशेआठच्या घरात फुटले."

वॉरिकने फोटो ओढून घेतला. त्याचे कान लाल झाले. "जाड बारीकमध्ये जात नाही," तो हळू म्हणाला, "पण बारीक जाडमध्ये..."

"जाते. तुम्ही अर्धंच सांगितलंत आणि नेव्हने तेवढंच ऐकलं. बारीक गोळी जाड नळीत सैल पडते. वायू बाजूने निसटतो, म्हणून तो भसका. गोळी भिरभिरत, आडवी होत भलतीकडे जाते. म्हणून जॅकेटला भोक नाही, आडवी चीर. झाडणाऱ्याचा नेम लिंडसेवर नव्हताच."

रोवेना टेबलाची कड धरून उभी होती.

"तीनशेआठ बंदुका दोघांकडे, वॉरिककडे आणि फर्गसकडे," हुहाना पुढे म्हणाली. "आता ती पहाट. कुणीतरी कुजबुजलं, 'आठ आहेत का रे जादा?' कॅलमला वाटलं, लिंडसे. पण लिंडसेच्या खिशात काडतूस नव्हतं, फक्त पेपरमिंट होत्या. मागणारा दुसराच होता. कॅलम आपल्या सात-शून्य-आठला आठ म्हणतो, म्हणून त्याने खिसा दाखवला. मागणाऱ्याला हवी होती त्याची स्वतःची आठ. वॉरिकच्या तोंडून तो शब्द मेला तरी निघायचा नाही, आणि पिवळी पुंगळी तो बंदुकीत घालायचा नाही. मग तीनशेआठला आठ कोण म्हणतं?"

फर्गसचं बिस्किट चहात गळून पडलं.

"तुमच्या पेटीचं सील शाबूत आहे, फर्गस. नेव्हला वाटलं, म्हणजे तुम्ही झाडली नाही. पण तुम्हीच म्हणालात, बंदूक भरून बसलो होतो. कशाने भरलीत? पेटी तर कपाटावरच राहिली होती, हो ना?"

म्हाताऱ्याने कप दूर सारला. मग म्हणाला, "झोपडीवर पोचल्यावर कळलं. लाज वाटली. एवढी वर्षं जातोय आणि पेटी घरी विसरलो म्हटलं तर वॉरिक जन्मभर चिडवेल. आदल्या रात्री कॅलम 'माझी आठ' म्हणत होता, मला वाटलं माझ्याच जातीची. त्या वादात माझं लक्ष कुठे होतं? अंधारात घेतली, चष्मा नव्हता. धुक्यात काहीतरी हललं. झाडली. फुस्स झाली. मला वाटलं, काडतूसच फुसकं."

"आणि नंतर?"

"पोलीस म्हणाले, पुंगळी सात-शून्य-आठ. म्हटलं, सुटलो, माझी नाही."

"घरी येऊन उरलेल्या काडतुसांचे तळ चष्मा लावून वाचलेत ना?"

फर्गसने मान खाली घातली. "वाचले."

"काय केलंत त्यांचं?"

"नदीत टाकली."

त्या उत्तराने नेव्हिलला शिसारी आली. गोळी चुकून सुटली असेल. पण कॅलमला बिचारा म्हणून याच माणसाने त्यांना आपल्या चुलीपाशी बसवलं होतं.

"तो रोज माझ्या व्हरांड्यात लाकडं रचत होता," रोवेना फर्गसला म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "आणि तुम्ही त्याला रचू दिलीत. निघा माझ्या घरातून."

वॉरिकने म्हाताऱ्याला दंडाला धरून उठवलं. पोलीस ठाण्यापर्यंत आपण सोबत येतो, एवढंच म्हणाला. पायऱ्यांवर फर्गसला बुटाच्या नाड्या जमेनात. कॅलमने खाली वाकून त्या बांधून दिल्या. का दिल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

गाडी गेल्यावर त्याने हुहानाला विचारलं, "माझी गोळी कुठे गेली?"

"मातीत. ओंडक्यापाशी नीट शोधलं, तर तुझी पुंगळी गवतात सापडेल."

"पण मीही धुक्यातच झाडली होती. नीट न बघता. लिंडसेच्याच दिशेला गेली असती तर?"

"हो," हुहाना म्हणाली. "गेली असती."

नेव्हिलला वाटलं, निदान आज तरी तिने थोडं गोड बोलायला हरकत नव्हती. पण कॅलमने मान हलवली. हेच त्याला ऐकायचं होतं, असं दिसलं.

रोवेना दाराशी आली. तिने आधी रचलेल्या लाकडांकडे पाहिलं, मग भावाकडे.

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आयुष्यभर ठाऊक राहील. बूट काढ."

कॅलम तसाच उभा राहिला.

"फरशी आत्ताच पुसलीय रे," ती म्हणाली आणि आता मात्र तिचा आवाज फुटला. "बूट काढ आणि आत ये."