ओढ लागली का?

थंड भट्टीने तिची ओढणी आत ओढून घेतली, तेव्हा वारा पडलेला होता.

हे आधी नीट सांगितले पाहिजे, कारण पुढे पुष्कळांनी ‘वारा असेल’ म्हणून विषय संपवला. वारा नव्हता. कारखान्याच्या आवारात धुके जमिनीला टेकून बसले होते आणि फाटकावरची पताका ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. तरीही ओढणीचे टोक भट्टीच्या उघड्या दारातून आत गेले आणि तसेच ताणलेले राहिले. जणू आत बसून कोणी ते बोटाला गुंडाळून घेत होते.

“सोडा!” ती म्हणाली. कोणाला म्हणाली, ते तिलाही कळले नाही.

“मी धरलेलीच नाही,” मागून आवाज आला.

तिथला जोडारी होता तो. लोखंडाला लोखंड जोडून चाकांवरच्या भट्ट्या बनवणे हा त्याचा वडिलोपार्जित धंदा. काजळीने माखलेले हात पाठीमागे घेऊन तो अदबीने उभा होता.

“हात काळे आहेत. लावू का?”

“लावा. पण ओढणीलाच.”

त्याने हसू गिळले आणि भट्टीचे दार हळूहळू लोटले. ओढणी सैल पडली. तिच्या टोकावर काजळीचा एक ठसा उमटला होता… लांबट, निमुळता. तो ठसा जोडाऱ्याच्या बोटाएवढा मोठा नव्हता. त्यानेही तो पाहिला, आणि नजर वळवली.

“हिची ओढ फार आहे,” तो म्हणाला.

“कसली?”

“धुराड्याची हो! धूर खेचून घ्यायची ताकद. आमच्यात तिला ओढ म्हणतात.”

“आमच्यात वेगळ्या गोष्टीला म्हणतात,” ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिचे कान तापले.

तिला सगळे धाकटी म्हणत. घरात थोरली कोणी नव्हती. पण आत्याच्या हयातीत दुसऱ्या कोणी थोरले होणे शक्यच नव्हते. दोघी कापलेल्या पिंपावर मंद धुरात मांस भाजून विकत, आणि त्या पिंपाचा तळ आता गळून पडला होता. रविवारपासून पुलापलीकडच्या मैदानात खाद्यबाजार भरणार होता. मुकादमाने बजावले होते, की चाकांवरची, पेटती भट्टी घेऊन या. नाहीतर तुमची जागा सरबतवाल्याला जाईल. जागा गेली की दुकान गेले, आणि दुकान हेच त्यांचे घर चालवत होते.

“काय गं, वस्तू बघायला आलीस की माणसं?” फाटकातून आत्याचा आवाज आला. आवाजामागून आत्या आली. “अहो जोडारी, जे काय आहे ते दाखवा, आणि गोड बोलू नका. गोड बोलण्यावर मांस शिजत नाही.”

निवड करताना बोलणाऱ्याकडे नव्हे, वस्तूकडे पाहावे, ही शिस्त आत्याने धाकटीला लावली होती. त्या दिवशी ती जराशी ढिली पडली. पण हात आपले काम करत राहिले. पहिला ट्रेलर चकचकीत होता. धाकटीने त्यावर बोटाचे पेर वाजवले.

“डबा आहे हा. दार उघडलं की सगळी ऊब पळेल.”

दुसरा गॅसवर चालणारा. “हे म्हणजे धुराचं सोंग,” आत्याने निकाल दिला. तिसऱ्याचा दांडा वाकलेला. वळणावर त्याने मालकालाच खड्ड्यात घातले असते.

मग ती पुन्हा ओढणी खेचणाऱ्या त्या काळ्या ट्रेलरपाशी आली. जाड पत्रा. भट्टी एका टोकाला, धुराडे दुसऱ्या टोकाला, आतून अगदी खालून वर निघालेले, म्हणजे धूर मांसावरून रेंगाळत जावा. चरबी वाहून जायला तळाला अचूक उतार. कापायची फळी तर नेमकी तिच्या कोपराच्या उंचीवर.

“ही कोणासाठी बनवली होती?”

जोडाऱ्याने हात पुसायला सुरुवात केली. ते केव्हाच पुसून झाले होते. “वडिलांनी बनवली, आईसाठी. त्यांच्या हातची शेवटची. तुम्ही… दुसरी बघा ना. ही ज्याने ज्याने नेली, त्याने परत आणून दिली.”

“दोष काय?”

“दोष नाही. पेटत नाही एवढंच. आणि म्हणतात, सकाळी हिचं तोंड इकडे वळलेलं असतं.”

“बायको माहेरी निघाल्यासारखं?” आत्या म्हणाली. “पाठवून द्या. रुसणाऱ्यांना सरळ करायची सवय आहे मला.”

संध्याकाळी तो स्वतः ट्रेलर ओढून घेऊन आला. परसात उभा करून त्याने चाकांखाली लाकडी ठोकळे मारले. जायला निघाला, पण गेला नाही.

“काही राहिलं का?” धाकटीने विचारले.

“नाही… म्हणजे, दाराची कडी जरा जड आहे. सवय होईपर्यंत.”

“आणि सवय नाही झाली तर?”

“तर बोलवा. कडीसाठी.”

“कडीसाठीच बोलवीन,” ती म्हणाली, आणि तो फाटकाची चौकट डोक्याला लावून घेऊन बाहेर पडला.

सकाळी ट्रेलर वळलेला होता.

ठोकळे चाकांखाली जसेच्या तसे. ओल्या मातीवर चाकांची एक रेघ नाही. दांडा मात्र कारखान्याच्या रस्त्याकडे, वाट पाहणाऱ्या माणसाच्या मानेसारखा ताणलेला. धाकटीने भट्टी पेटवली. धूर आत गेला, घटकाभर आत थांबला, आणि मग उलटा फिरून भट्टीच्या तोंडातून तिच्या अंगावर आला. त्यात ताज्या लाकडाचा वास नव्हता. धुतलेल्या केसांचा होता. तिने पुन्हा पेटवली. पुन्हा विझली.

दुसऱ्या सकाळी परसातल्या पानापानावर दव होते. ट्रेलर तेवढा कोरडा. तिने हात लावला. पत्रा कोमट होता, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखा. आणि तिची ओढणी, जी तिने घरात खुंटीला टांगली होती, ती दांड्याला बांधलेली होती. गाठ सैल होती. दुखवायची नव्हती, बोलवायची होती.

आत्याने ती गाठ पाहिली. आयुष्यात प्रथमच तिने आवाज खाली आणला.

“धाकटे, परत करून ये. जागा गेली तर गेली.”

“उद्या रविवार आहे, आत्या.”

“मला वार शिकवू नकोस.”

धाकटी गेली, पण ट्रेलर न घेता गेली. जोडारी आवारात एका रिकाम्या जागेकडे पाहत बसला होता. ट्रेलर जिथे उभा असे, तेवढ्या चौकोनावर धुके उतरत नव्हते.

“कडी?” त्याने आशेने विचारले.

“कडी गेली खड्ड्यात. पेटत का नाही ते खरं सांगा. काहीतरी लपवलंय तुम्ही.”

त्याने त्या रिकाम्या चौकोनाकडे पुन्हा एकदा पाहिले.

“आमच्याकडे पहिली आच एकट्याने देत नाहीत,” तो अखेर म्हणाला. “नवं लोखंड, आत थंड हवा कोंडलेली. एकाने भट्टीच्या तोंडाशी बसायचं. दुसऱ्याने धुराड्याशी उभं राहून त्याच्या तोंडात पेटता बोळा धरायचा, धुराला वाट दाखवायला. प्रत्येक गाडीला आई खाली बसायची, वडील वर. वडील वरून ओरडायचे, ‘ओढ लागली का?’ धूर आत वळला की आई म्हणायची, ‘लागली.’ तेवढं झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे.”

“आणि हिला?”

“हिच्या वेळी आई राहिली नाही. मग वडीलही. मी… मी तशीच विकली. एकट्याने कशी देणार?”

“आणि घेणाऱ्यांनी एकेकट्याने पेटवली.” धाकटीने ओढणी खोचली. “उठा.”

“कुठे?”

“वर. धुराड्याशी.”

दिवस मावळायच्या सुमाराला परसात तो ट्रेलरच्या चाकावर पाय देऊन धुराड्याशी उभा राहिला. हातात पेटता बोळा. धाकटी दुसऱ्या टोकाला भट्टीपाशी गुडघ्यांवर बसली. मध्ये सगळे काळे लोखंड. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून भाकरी खात होती. भीती वाटली की तिला भूक लागे.

काडी पेटली. धूर आत गेला आणि थांबला. तेवढ्यात पत्र्याच्या आतून टकटक झाली. दोनदा, शांतपणे, काम पाहून समाधान पावलेल्या माणसाने अंगठीचे बोट वाजवावे तशी. वरून जोडाऱ्याचा श्वास अडकल्याचे तिला ऐकू आले.

“बाबा असेच…” तो पुटपुटला. मग त्याने घसा साफ केला, आणि सगळ्या परसाला ऐकू जाईल असे विचारले, “ओढ लागली का?”

धाकटीचे ओठ उघडले. शब्द मात्र निघाला नाही. प्रश्न नुसत्या धुराविषयीचा नव्हता, हे तिला ठाऊक होते. म्हणूनच निघाला नाही.

“लागली.”

स्वच्छ, हसरा, बाईमाणसाचा आवाज. भट्टीच्या आतून धुराड्याकडे गेलेला.

धूर वळला. एक दीर्घ सुस्कारा टाकावा तसा तो आत खेचला गेला, आणि धुराड्यातून निळसर, सरळ रेघ आकाशात चढली. धाकटीने खिडकीकडे पाहिले. आत्याच्या तोंडात घास होता, आणि डोळे विस्फारलेले होते. तिने मान हलवली: मी नव्हे.

जोडारी उडी मारून खाली आला. तोंडभर काजळी, आणि काजळीतून दोन ओल्या वाटा.

“पुन्हा म्हण ना,” तो म्हणाला. “तुम्ही” कुठल्या कुठे गळून गेले होते. “आत्ता म्हणालीस तसं. अगदी… अगदी माझ्या आईसारखं म्हणालीस.”

तिच्या पाठीवर काटा आला. पण तो थंडीचा नव्हता. हात भट्टीवर होता. पत्रा आता विस्तवाने तापत होता. आधीची ती ऊब हळूच निघून चालली होती, सून आली म्हणून किल्ल्या ठेवून उठणाऱ्या बाईसारखी. ‘मी नव्हते म्हणाले’ हे त्याला सांगावे का, याचा विचार धाकटीने केला. मग ठरवले, की ज्या बाईने उत्तर उसने दिले, तिला ते स्वतःचे करून दाखवणे हीच परतफेड.

“लागली,” ती म्हणाली. अगदी हळू… पण या वेळी तिच्या स्वतःच्या आवाजात.

“धुराड्याची?”

“आमच्यात वेगळ्या गोष्टीला म्हणतात. सांगितलं होतं ना?”

खिडकीतून आत्या गरजली. घास गिळून झाला होता. “लागली ना? मग हात धुवा दोघंही! उद्या पहाटे निघायचंय, आणि जोडारी, वर उभं राहायला आम्हाला कायमचा माणूस लागेल. विचार करून सांगा. नाही म्हणू नका.”

सकाळी ठोकळे जागेवर होते आणि मातीवर रेघ नव्हती. ट्रेलरचा दांडा मात्र पुलाकडे वळलेला होता, बाजाराच्या रस्त्याला.