जमिनीवरचा ठिपका

जूनमधली दुपार. केरळातल्या नींडकरा बंदराच्या वाटेवर पाऊस असा काही कोसळला, की छत्रीवालेसुद्धा आडोशाला पळाले. ॲल्ड्रिनकडे छत्री नव्हतीच. तो बिन्सीच्या मोबाईल-दुरुस्तीच्या दुकानात घुसला तेव्हा केसांतून पाणी ठिबकत होतं आणि शर्टाच्या आत त्याने काहीतरी छातीशी घट्ट धरलं होतं.

"मांजराचं पिल्लू आहे का?" बिन्सीने विचारलं. "मी फक्त मशिनं बरी करते हो."

तो हसला... आणि तिथेच घोटाळा झाला. त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती.

शर्टातून निघालं ते बोटीवर वापरायचं हातातलं जीपीएस. स्क्रीनचा पार चुरा झालेला. आत त्याच्या अप्पनने, म्हणजे वडिलांनी, पंधरा वर्षं टिपलेले समुद्रातले ठिपके होते : खडक कुठे, मासळी कुठे. कागदावर एकही नाही, कारण कागद चोरीला जातो. अप्पनची आता नजर गेली होती आणि बोट ॲल्ड्रिनवर आली होती.

"स्क्रीन कोचीहून यायला वेळ लागेल."

"लागू द्या. पावसाळी मासेमारी-बंदीमुळे एकतीस जुलैपर्यंत ट्रॉलर बंदच आहेत. मला कुठे जायचंय?"

मग तो दर दोन दिवसांनी चौकशीला येऊ लागला. कधी गरम पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी, घेऊन, कधी नुसताच. बिन्सी त्याला मानाने 'चेट्टा' म्हणू लागली. खरं सांगायचं तर स्क्रीन तिसऱ्याच आठवड्यात आली होती. बिन्सीने ती खणात ठेवली आणि रोज बिनदिक्कत "नाही आली" म्हणत राहिली. खोटं बोलताना कान लाल होतात, म्हणून केस मोकळे सोडू लागली.

एकतीस जुलै उजाडला तशी पळवाट संपली. दुपारी तिने स्क्रीन बसवली. ॲल्ड्रिन समोर कोपर टेकून बडबडत होता... आणि ती ऐकत होती, हेच चुकलं. मशीन उजळलं. वरची-खालची बटणं चालली. मधलं, यादी उघडणारं बटण मात्र दाबलं तरी ढिम्म!

तिने मशीन पुन्हा उघडलं. रबर पुसलं, पट्टी काढून परत बसवली. काही नाही. पलीकडच्या दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, सगळं पुसून पहिल्यापासून चालू कर.

"म्हणजे ठिपके जाणार?" ॲल्ड्रिनचा आवाज एकदम बारीक झाला. "आज रात्री बाराला निघायचंय, बिन्सी."

तिचे डोळे भरून आले. "माझीच चूक आहे, चेट्टा. स्क्रीन केव्हाच आली होती. मी... मी लपवली. आधी बसवली असती तर हातात दिवस तरी असते."

"लपवली? का?"

"तुम्ही यायचं बंद केलं असतंत ना!"

बिन्सीने मान खाली घातली, आणि तिची नजर टेबलाच्या कडेवर गेली. नव्या स्क्रीनला प्लास्टिकच्या दोन पातळ झिल्ल्या असतात, एक पुढून, एक मागून. काढली की ती कडेला चिकटवायची, म्हणजे विसर पडत नाही. आज कडेला एकच झिल्ली होती.

तिने घाईघाईने स्क्रू काढले. मागची पारदर्शक झिल्ली तशीच होती आणि तिचं शेपूट दुमडून नेमकं मधल्या बटणाखाली अडकलं होतं. चिमट्याने तिने ती सर्रकन ओढली, मशीन पुन्हा जोडून चालू केलं, बटण दाबलं.

टिक्! यादी उघडली.

"हुश्श..." दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं. बिन्सी रडता रडता हसू लागली. मग पटकन मशीन त्याच्याकडे वळवून तिने तोंड फिरवलं. दुसऱ्याच्या ठिपक्यांकडे बघायचं नसतं, ही बंदरावरची रीत.

"बघ," तो म्हणाला.

"नको. सख्ख्या भावालाही दाखवत नाहीत म्हणे."

"समुद्रातले नाही दाखवत. हा जमिनीवरचा आहे."

तिने पाहिलं. नकाशावर, बंदराच्या वाटेला एक ठिपका. नाव : बिन्सी. तारीख फेब्रुवारीची.

"पण तुम्ही तर जूनमध्ये पहिल्यांदा..."

"आत यायला जूनमध्ये धजलो. बाहेरून चार महिने नुसताच बघत होतो."

"म्हणजे स्क्रीन मुद्दाम फोडलीस?" तुम्हीचं तू कधी झालं, तिला कळलंच नाही.

"देवाशप्पथ नाही! मशीन हातातून पडलं. पण पडल्यावर फार वाईटही वाटलं नाही."

तिचे कान लालभडक झाले. या वेळी तिने केस मागे सारले.

"थांब. बटण नीट तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही मी." तिने तोच ठिपका निवडला, मधलं बटण दाबलं आणि मशीन दाराबाहेर भुरभुरत्या पावसात धरलं. बाण गरगर फिरला, थांबला. अंतर शून्य.

"परतताना हाच ठिपका लाव," ती म्हणाली. "मी वाट बघते."