पहिल्या खटक्यातला हात

कुरिअरवाला खोकं ठेवून गेला तेव्हा नागसेन राजापेठेतल्या आपल्या स्टुडिओत कोणाचे तरी पासपोर्ट फोटो कापत बसला होता. कात्री तिथंच टाकून त्यानं खोकं फोडायला घेतलं. पन्नाशीला आलेला माणूस, पण उतावीळपणा असा की विचारू नका. खोक्यात होती डिजिटल बॅक.

आता ही काय भानगड, ते आधी सांगून टाकतो. नागसेनचे वडील धर्मपाल हेही फोटोग्राफरच. त्यांचा रोलवर चालणारा एक चौकोनी, विटेएवढा जड कॅमेरा होता. त्याच्या मागच्या अंगाला रोलची डबी बसायची. ती काढून तिच्या जागी एक डिजिटल भाग लावता येतो, त्यालाच बॅक म्हणतात. तो लावला की रोलच्या कॅमेऱ्यातून कार्डावर फोटो उतरतात. कंपनीनं तो बनवणं केव्हाच बंद केलं. बॅटरी मिळत नाही, वायर मिळत नाही, दुरुस्त करणाराही मिळत नाही. शहाण्यानं त्याच्या नादी लागू नये. पण अमरावतीत रोल धुऊन मिळेना आणि बापाचा कॅमेरा कपाटात पडलेला नागसेनला बघवेना. म्हणून त्यानं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ही बॅक मागवलीच. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं बाहेरून बॅटरी जोडून दिली. हिरवा दिवा लागला आणि नागसेन भर दुकानात एकटाच टाळ्या पिटायला लागला.

बॅकला एक खोड होती. ती झोपून असायची. कॅमेऱ्याचा पहिला खटका दाबला की जागी व्हायची आणि दुसऱ्या खटक्याला फोटो घ्यायची. पहिल्या खटक्याचा कार्डावर नुसता काळा चौकोन यायचा. जुन्या मालाचं असंच असतं, असं व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक खुशालराव. बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेले, वागण्याबोलण्यात अजून स्टेशनमास्तरचा रुबाब. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत ऐटीत बसले आणि म्हणाले, "चांगला काढजो बाप्पा. भितीवर लावाचा हाये."

संध्याकाळी नागसेननं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पहिला चौकोन काळा नव्हता. त्यात खुशालराव होते, जरा अंधुक. आणि त्यांच्या मानेमागून एक हात आला होता. अंगठा कानाखाली, चार बोटं मानेला. मनगटापुढं काहीच नाही, नुसता अंधार. खुर्चीमागं तर भिंत होती! दुसरा फोटो मात्र अगदी साफ, खुशालराव मिशीत हसत होते.

"जुन्या वस्तूचे चाळे," असं स्वतःशीच म्हणत त्यानं तो चौकोन पुसून टाकला. त्याच आठवड्यात खुशालराव गेले. ओसरीवर पेपर वाचत बसले होते आणि बसल्या जागी मान खाली गेली. भिंतीवर लावायचा फोटो न्यायला त्यांची सून आली तेव्हा नागसेननं तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्यानं कॅमेरा कपाटात घातला आणि घरात एका शब्दानं काही बोलला नाही.

पण घरात त्याची माय होती ना! केशरबाई. त्या बाईचं सगळं वेगळंच. एकेकाळी खेड्यापाड्यांत माणूस मरेपर्यंत त्याचा एकही फोटो निघालेला नसायचा. मग मयत झाली की लोक धर्मपालांना बोलवायला धावायचे. मेलेल्या माणसाचं तोंड धुऊन, फेटा बांधून त्याला खुर्चीत बसवायचे आणि शेवटचा, खरं तर पहिलाच, फोटो काढायचे. मान मात्र राहायची नाही, कलंडायची. म्हणून केशरबाई सोबत जायच्या. चादर पांघरून खुर्चीमागं दडून बसायच्या आणि फोटो होईपर्यंत मान धरून ठेवायच्या. लोक वचकून असत, पण बोलावणं आलं की केशरबाईंनाही घेऊन या, असा निरोप हमखास असे.

तर नवऱ्याचा कॅमेरा सुरू झाला हे केशरबाईंना कळलंच. एका सकाळी ऑटो करून थेट स्टुडिओत हजर, पांढरं लुगडं नेसून.

"तुह्या बापानं सारा मुलुख काढला, माह्याच फोटो राह्यला. काढ."

"माय, तो बिघडला हाये."

"खोटं कावून बोलून राहिला? काढ म्हणतो ना!"

मायसमोर नागसेनचं कधी चाललं होतं, ते आता चालेल? त्यानं कॅमेरा काढला. एकदा दाबला, दुसऱ्यांदा दाबला. केशरबाई खूश होऊन घरी गेल्या. कार्ड बघायचंच नाही असं ठरवून त्यानं दुपार काढली आणि शेवटी बघितलंच.

केशरबाईंच्या मानेमागं हात होता.

तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून त्याची बायको माधवी दारातच थबकली. "काय झालं बाई! अहो... तोंड असं काहून झालं तुमचं?" त्यानं अंगणात नेऊन तिला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता तो रडला. माय गेली तर मी काय करू, असं लहान पोरासारखं म्हणाला. माधवी काही भुताखेताला मानणारी नव्हती, पण ती हसली नाही. तिचा भाऊ स्वप्निल अकोल्याच्या एका दवाखान्यात कामाला होता. "मानेमागं हात हाये ना? मग मान तपासू," ती म्हणाली. "उद्याच चाला."

सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरली. स्वप्निलकडं पाहुणचाराला जातोय, असं केशरबाईंना सांगितलं होतं. मूर्तिजापूर गेलं तशा त्या लेकाकडं वळल्या.

"फोटो दाखव मले."

"कोणता..."

"ज्याच्यापायी तू रात्रभर जागा होता, तो."

त्यानं मोबाइल पुढं केला. केशरबाईंनी तो लांब धरून डोळे बारीक केले आणि बराच वेळ पाहिलं. घाबरल्या नाहीत. उलट, लेकीनं धाडलेलं लोणचं चाखून बघावं तशी मान हलवली.

"बरोबर धरलं हाये. अंगठा कानाखालीच पाह्यजे, नाई तं डोकं फिरते."

"माय... हात कोणाचा हाये?"

"मले काय ठाऊक!" खिडकीबाहेर काळी रानं मागं पळत होती. त्या हळूच म्हणाल्या, "हे धरणं म्या कोणाले शिकवलं नाई, नागसेन. तुह्या बापालेबी नाई. ज्याईले धरलं... त्याईलेच ठाऊक."

माधवीनं सासूचा हात घट्ट धरला. अकोला येईस्तोवर तो सोडला नाही.

दवाखान्यात मानेची सोनोग्राफी झाली. डॉक्टर पुन्हा पुन्हा तीच जागा बघत होते. मेंदूकडं रक्त नेणारी मानेतली नस जवळजवळ बंद झाली होती.

"यांना चक्कर यायची का?"

"नाही."

"हातपाय बधिर? बोलताना अडखळणं?"

"काहीच नाही."

"मग मानच तपासा, असं तुम्हाला सांगितलं कोणी?"

नागसेननं उलट, ऑपरेशन कधी करता, एवढंच विचारलं. काय सांगणार, कप्पाळ!

ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. आता काळजी नाही." हे ऐकून नागसेन जो मटकन बाकावर बसला तो आधी हसला, मग रडला, मग स्वप्निलच्या गळ्यात पडून दोन्ही करायला लागला. छातीवरचं दडपण असं एका क्षणात उतरलं की त्याला भूकच लागली. माधवीनं समोरच्या टपरीवरून चहा आणि आलूबोंडे आणले आणि त्यानं तिच्या वाटचेही खाल्ले.

केशरबाई घरी आल्या. टाके निघाले, बोलणं पहिल्यासारखं खणखणीत झालं. मग नागसेननं मनाचा हिय्या करून त्यांचा आणखी एक फोटो काढला. पहिला चौकोन काळाकुट्ट. त्यानं तो मोठा करून करून बघितला. कुठं हात नाही, बोट नाही, काही नाही. काळा रंग इतका देखणा असतो हे त्याला आयुष्यात प्रथमच समजलं. त्यानं आख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि कशाचे, ते कोणाला सांगितलं नाही.

आता घर निवांत आहे. केशरबाई जेवल्या की ओसरीवर खुर्चीत बसून सुपारी कातरतात आणि बसल्या बसल्या झोपतात. छान घोरतात. परवा माधवीला वाटलं, म्हातारीची मान अवघडेल. ती आतून छोटी उशी घेऊन आली आणि सासूच्या मानेमागं हलकेच सरकवायला गेली. खुर्चीची पाठ खाली, खांद्यापर्यंतच होती. मान कशालाच टेकलेली नव्हती, तरी ताठ होती.

उशी आत जाईना. माधवीनं जरा जोर लावून पाहिला. मग ती उशी मांडीवर घेऊन गुपचूप पायरीवर बसली आणि केशरबाई जाग्या होईपर्यंत तिथून हलली नाही.