शंभर टक्के बांध

"माझ्या वडिलांना खुनी म्हणतायत," मुलगी दारातूनच म्हणाली. "आज चार वाजता चौकशीच्या निकालात ते कागदावरही येणार आहे."

तिच्या अंगावर नर्सचा गणवेश होता आणि ती रडत नव्हती. रडून झालेलं होतं. वहिनींनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्याआधी वीस वर्षं विमा कंपनीसाठी त्यांनी जळालेली दुकानं आणि बुडालेली गोदामं तपासली होती. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणे. सख्खा दीर मात्र एकच. हे भाऊजी त्यांची स्कूटर चालवत, वही सांभाळत आणि विचार नेहमी दोन पावलं मागून करत.

मुलीचे वडील, वस्तीचे काका, पालिकेत दरवाजेवाले होते. नदीच्या बांधाखालून एक मोठा पाइप जातो, त्यातून वस्तीचं पाणी नदीत पडतं. नदी चढली की लोखंडी दरवाजा खाली सोडून पाइप बंद करायचा, नाहीतर नदीच उलटी आत शिरते. तीस वर्षं काकांनी हेच केलं होतं.

पाच दिवसांपूर्वी भर दुपारी वस्तीत छातीएवढं पाणी आलं. दरवाजाशेजारच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या आजी बुडाल्या. संध्याकाळी लोकांनी काकांना घेरून डोकं फुटेपर्यंत मारलं. ते तेव्हापासून दवाखान्यात होते.

"दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनियरसाहेबांनी हा फोटो काढला. म्हणतात, दरवाजा उघडाच सापडला."

फोटोत दरवाजा साधारण एक तृतीयांश वर उचललेला दिसत होता.

"बाबा म्हणतात, सकाळी आठलाच बंद केला होता. चाकाच्या कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात होती, दवाखान्यात मीच काढून ठेवली. दुसरी किल्ली ऑफिसात असते."

"तुझे बाबा दरवाजा असा अधेमधे ठेवतात?"

"कधीच नाही. पाण्याच्या माऱ्याने थडथडतो, दांडा वाकतो. एकतर पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली. चाकाचे एकशे वीस फेरे. लहानपणी मी मोजायचे ना त्यांच्याबरोबर."

वहिनी उठल्या. "भाऊजी, स्कूटर काढा."

बांधाच्या पायथ्याशी, वस्तीच्या बाजूला पालिकेची भलीमोठी पाटी होती: 'बांध मजबुतीकरण व पूरसंरक्षण, प्रगती १०० टक्के'. पाटीच्या निम्म्या उंचीपर्यंत चिखल वाळला होता. पाटीच जिथे बुडाली तिथे कसलं संरक्षण, हा प्रश्न पालिकेत कुणाला पडला नव्हता.

दरवाजाच्या आतल्या बाजूला, पाइपच्या तोंडाशी कचरा अडवायची जाळी होती. वहिनी गुडघ्यांवर बसून गजांच्या फटीतून डोकावल्या.

"वस्तीकडच्या बाजूला काय अडकलंय?"

"पिशव्या, चपला, एक उशी," भाऊजी म्हणाले.

"आणि नदीकडच्या बाजूला?"

"काही नाही. स्वच्छ आहे." भाऊजी खूश झाले. "म्हणजे पालिकेने साफ केली!"

"पालिकेने? पाच दिवसांत?" वहिनींनी एवढंच विचारलं. भाऊजींचा चेहरा पडला.

मग त्या वस्तीत फिरल्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुमच्या उंबऱ्याशी पाणी किती वाजता आलं? वस्तीच्या वरच्या टोकाचा इस्त्रीवाला म्हणाला, दीडला. मधला पिठाच्या गिरणीचा मालक म्हणाला, पावणेदोनला. खाली खोलगटात, दरवाजाशेजारच्या गल्लीत, सगळे म्हणाले की दोन वाजून गेले होते.

इस्त्रीवाल्याच्या दुकानामागे बांध होता. त्यावर चढताना भाऊजींचा पाय घोट्यापर्यंत मातीत रुतला आणि बूट आतच राहिला. आजूबाजूच्या बांधावर गवत होतं. इथे पंधरा पावलांच्या पट्ट्यात एक काडी नव्हती.

"आता कसलं काय दिसतंय," इस्त्रीवाला खालून करवादला. "आधी इस्त्री करता करता नदी दिसायची. ठेकेदाराचे वाळूचे ट्रक इथूनच तर उतरायचे."

"आधी म्हणजे कधी?"

"पुराच्या आधी, अजून कधी?"

वहिनींच्या कपाळावरची शीर फुगली. भाऊजींनी ती ओळखली आणि गपचूप बूट उपसायला घेतला.

पालिकेत आधी नगरसेवक भेटले. उजवा हात गळ्यात बांधलेला.

"पुरात लागलं?"

"छे हो, त्याच्या आधीच. बांधपूर्तीच्या समारंभात मंच कोसळला." त्यांना स्वतःलाच ते ऐकून कसंसं झालं. "बांधाचं मला काय विचारता? इंजिनियरने पूर्ण म्हणून सांगितलं, मी फीत कापली."

ठेकेदार जिन्यात सापडला. "मी दरवाजाला हात लावला? बाई, मला चाक फिरवायचं असतं तर चार माणसं उभी केली असती आणि पार वरपर्यंत नेलं असतं. शिवाय किल्ली कुठाय माझ्याकडे?"

"तुमचा बांध पूर्ण आहे?"

"साहेबांनी तपासून सही केलीय. त्यांनाच विचारा."

इंजिनियर तरुण होता, थकलेला आणि फार नम्र. टेबलाच्या खणात दुसरी किल्ली होती. त्याने आपणहून दाखवली. खणाला कुलूप होतं आणि त्या कुलुपाची किल्ली त्याच्या गळ्यात.

"ही कुणाला दिली होती?"

"कुणालाच नाही. पुराच्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत मी कंट्रोल रूममधून हललो नाही, फोनवरच होतो. मग थेट दरवाजावर गेलो, उघडा दिसला, फोटो काढला. हात लावला नाही कशाला."

"तळहातांना पट्ट्या कसल्या?"

"दोराने सोललं. बोटीतून माणसं ओढून काढताना."

"फार केलंत लोकांसाठी," वहिनी म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

"बिचारा," भाऊजी जिन्यात म्हणाले.

"भाऊजी, आता चार वाजेपर्यंत तोंड उघडू नका."

चारला सभागृह भरलं. काकांना मुलीने हाताला धरून आणलं. डोक्याला पट्टी, नजर खाली. मागून कुणीतरी शिवी हासडली. चौकशी अधिकाऱ्याने फोटो उचलला आणि निष्कर्ष वाचायला सुरुवात केली. वहिनी उभ्या राहिल्या.

"दरवाजातून वस्तीत एक थेंबसुद्धा आलेला नाही."

"फोटो आहे बाई."

"जाळी पण आहे. नदी आत घुसली असती तर नदीचा पाला आणि लव्हाळं गजांच्या नदीकडच्या बाजूला अडकलं असतं. ती बाजू कोरी आहे. सगळा कचरा वस्तीकडून आलेला. म्हणजे त्या पाइपमधून पाणी फक्त बाहेर गेलं. पूर चढताना दरवाजा बंद होता. नदी उतरल्यावर कुणीतरी उघडला."

सभागृहात गलका झाला. वहिनींचा आवाज त्याच्या वर चढला.

"पाणी आलं कुठून ते वस्तीला विचारायचं होतंत! सगळ्यात खोलगट भाग दरवाजापाशी आहे. तिथून आलं असतं तर आधी ती गल्ली भरली असती. ती सगळ्यात शेवटी भरली. दीडला पाणी पोचलं इस्त्रीवाल्याकडे, वरच्या टोकाला. त्याच्या मागे बांध नव्हताच, ट्रकची वाट होती. त्याला दुकानातून नदी दिसायची. शंभर टक्के बांधातून नदी दिसते का हो? पूर ओसरल्यावर तिथे घाईघाईने माती लोटली. गवत उगवायला वेळ मिळाला नाही आणि माझ्या दिराचा बूट मात्र आत गेला."

ठेकेदार दाराकडे सरकला. लोकांनी दार अडवलं.

"आणि दरवाजा?" अधिकाऱ्याने विचारलं.

"काका उघडते तर पूर्ण उघडते. ठेकेदाराची माणसंही पूर्ण उघडती. तो एक तृतीयांशावर थांबलाय. एकट्या माणसाने फिरवला, ज्याला चाकाची सवय नव्हती आणि ज्याचे हात चाळीस फेऱ्यांत सोलले. काकांची किल्ली त्यांच्या मुलीकडे होती, दुसरी या साहेबांच्या बंद खणात. नगरसेवकांचा हात तर गळ्यात. आता साहेब, तुम्ही पहाटेपर्यंत कंट्रोल रूममधून हलला नाहीत ना? पहाटे तर पाणी उतरलेलं होतं, मग बोटीतून माणसं कधी ओढलीत?"

इंजिनियरने हात टेबलाखाली घेतले.

"वर्षअखेरीला काम पूर्ण दाखवायचं होतं," तो म्हणाला. "वरून रोज फोन. वाट आठ दिवसांत बुजवतो, असं ठेकेदार म्हणाला होता. मी सही केली. नंतर... नंतर पुन्हा तिथे गेलोच नाही."

"आणि बाई मेल्यावर एका म्हाताऱ्याच्या माथी मारलंत! लाज नाही वाटली?" भाऊजींनी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

अधिकाऱ्याने निष्कर्षाचा कागद फाडला. मुलीने वडिलांचा दंड दाबला. "बाबा, सुटलात."

काका उठले नाहीत.

"शिवणवाल्या आजी बारा वाजता माझ्याकडे आल्या होत्या," ते म्हणाले. "पिशवी भरून तयार होत्या. लेकीकडे जाऊ का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कशाला जाता? दरवाजा मी बंद केलाय, बांध साहेबांनी पूर्ण केलाय. घरी जा, मशीन चालवा निवांत." त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून इंजिनियरकडे पाहिलं. "साहेब, मला एकट्याला तरी खरं सांगायचं होतंत. मी त्यांना जाऊ दिलं असतं."

मघाशी शिवी देणारा माणूस खाली बसला. लेखनिकाचं पेन हवेतच थांबलं होतं.

"लिहा," वहिनी त्याला म्हणाल्या. "ते जे बोलले ते लिहा. एक शब्द गाळू नका."