जोस्टच्या चित्रातले दोन ठिपके

शोध थांबवतोय, असा हेलिकॉप्टरवाल्यांचा निरोप आला तेव्हा इन्स्पेक्टर व्हेरेना म्हाताऱ्या जोस्टच्या खोलीत होती. डोंगरात हरवलेल्या रेटोची आई, हेडविग, कोपऱ्यात नुसती बसून होती.

टेबलावर जोस्टचं चित्र होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. ढगांनी गिळलेला डोंगर, काळ्या रेघांचं वादळ, पायथ्याशी टीचभर चर्च. आणि उजव्या अंगाला, बर्फात, दोन ठिपके. माणसं. इतकी लहान की व्हेरेनाच्या अंगावर काटा आला.

"रेटो हरवला त्याच दिवशी सासऱ्यांनी खिडकीतून बघत कोरलं," वाटाड्या बाल्त्स म्हणाला. "दुसऱ्या दिवशी झटका आला, वाचा गेली. छापलं मी. त्यांच्या छपाईच्या यंत्राचा दांडा कित्येक वर्षं मीच फिरवतो."

"रेटो तुम्हाला सोडून गेला तो इथेच?"

"उजव्या धारेवर. दोर सोडला आणि निघाला. ऐकेचना."

खाटेवरून जोस्ट हाताने भिंतीवरचा आरसा दाखवत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दाढीचं खूळ," बाल्त्स म्हणाला. "रोज तेच."

व्हेरेना खिडकीशी गेली. डोंगर ढगात होता, पण चर्च दिसत होतं. डाव्या हाताला. चित्रात ते उजवीकडे होतं.

तिने आरसा काढून चित्रासमोर धरला. चर्च डावीकडे गेलं. ठिपकेही. जोस्टचा हात खाली पडला.

"समोर दिसतं तसं पत्र्यावर कोरलं, की कागदावर उलटं उमटतं," ती म्हणाली. "तुम्ही दोघं डावीकडे होतात, हिमनदीवर. शोधपथक बाहेरगावचं, ते फसलं. पण दांडा फिरवणाऱ्याला हे ठाऊक असणारच. तरी हे चित्र त्यांच्या हातात तुम्हीच दिलंत."

बाल्त्स खाली बसला. "रेटो बर्फाच्या भेगेत पडला. मीही ओढला जात होतो. दोर कापला."

"तेव्हा तो मेला होता?"

"हाका मारत होता."

"मग शोध का चुकवलात?"

"वर आला असता, तर सांगितलं असतं त्याने. दोर कापणाऱ्या वाटाड्याबरोबर कोण जातं?"

ढग फाटल्यावर हेलिकॉप्टर डावीकडे गेलं. रेटो भेगेत सापडला. गिर्यारोहणाच्या छोट्या कुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या खोदत तो काठापासून हातभर अंतरावर आला होता.

"दोर कापल्यावर लगेच गेला ना गं तो?" हेडविगने विचारलं.

डॉक्टर म्हणाले होते, कालपर्यंत जिवंत असावा.

व्हेरेनाने तिचा हात धरला.