दोन पानं एकदम

"गोष्टीतली आई मरते, म्हणूनच परत केलंस ना हे पुस्तक?"

मनस्विनीचा प्रश्न ऐकून हेमाने हातातली कपबशी खाली ठेवली... चौदा वर्षांची पोर पडवीच्या दारात उभी होती, आणि परवाच हेमाने ग्रंथालयात परत केलेलं पुस्तक तिने छातीशी घट्ट धरलं होतं!

हेमा तिची सख्खी मावशी. थोरली बहीण वैदेही गेली तेव्हा मनू सहा वर्षांची, आणि मेहुणे दत्तात्रेय रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस घराबाहेर. पुण्यातली नोकरी, ठरत आलेलं लग्न, सारं सोडून हेमाने रत्नागिरी गाठली. "दोन महिने राहून येते," असं सांगून निघालेली बाई, तिला इथे आठ वर्षं झाली! रोज दिवेलागणीनंतर तासभर ती मनूला पुस्तक वाचून दाखवी. "घोडी झाली की गो ती, अजून गोष्टी कसल्या वाचून दाखवत्येस?" म्हणून शेजारच्या सखूकाकू नाक मुरडत, पण मावशी-भाची दोघीही तो तास सोडायला तयार नव्हत्या.

पुस्तक मात्र निवडायचं हेमानेच. तांदूळ निवडावेत तसं. इथे तिने दुसरी नोकरी धरली होती; तिथे दुपारच्या सुट्टीत डबा खाताखाता ती ते आधी अख्खं वाचून काढी, आणि कुठे आईच्या मरणाचा खडा लागला की पुस्तक मुकाट्याने परत! मोठ्या मुलांची पुस्तकं तर मेली आया मारण्यात भारीच तरबेज! पोरीच्या कोवळ्या काळजाला धक्का लागू नये, एवढाच तिला ध्यास होता.

"तुला त्रास होईल म्हणून गो, मने..."

"मला नाही, तुला!" मनू उसळून म्हणाली. "दुःखाचं काही आलं की तू दोन पानं एकदम उलटतेस. दहा वर्षांची असल्यापासून मला कळतंय. ती पानं मी नंतर वाचायचे, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसायचे. पण मावशी, या घरात आईचं नावसुद्धा कुणी घेत नाही! मला तिचा आवाजही आठवत नाही आता... कधी कधी वाटतं, तुलाच ती आठवायला नकोय!"

हेमाला वाटलं, आठ वर्षांच्या त्यागाचं हेच का फळ? संताप अगदी ओठांशी आला... पण पोरीच्या डोळ्यांकडे पाहताच तो विरून गेला. ती झोपाळ्यावर बसली.

"शेवटच्या दिवशी इस्पितळात ताईने माझ्याकडे कुळथाचं पिठलं मागितलं होतं. मी दमले होते गो... म्हटलं, उद्या करून आणत्ये." तिचे अश्रू आता आवरेनात. "तो उद्या आलाच नाही, मने! गोष्टीत कुणाची आई गेली की मला तीच खाट दिसते. तुला जपत्ये म्हणायचे, आणि जपत होते स्वतःलाच!"

मनू धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. कितीतरी वेळ दोघी नुसत्या रडत राहिल्या.

"आणि आवाज आठवत नाही म्हणत्येस?" हेमाने पदराने तिचे डोळे पुसले. "तुझाच तर आवाज आहे तिचा! तू आतून हाक मारलीस की अजून दचकत्ये मी."

मनूने पुस्तक उघडलं. "आज मी वाचते. तू ऐक."

हेमाने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. पोर वाचू लागली; गोष्टीतली आई आजारी पडली, अंथरुणाला खिळली... आणि एकाएकी मनूचा आवाज थांबला. हेमाने डोळे उघडले. मनूचा अंगठा हळूच दोन पानं एकदम उचलत होता.

हेमाने त्या हातावर आपला हात ठेवला.

"वाच, मने," ती म्हणाली. "एकही ओळ गाळू नकोस."